१८ महिने आणि १९,००० किलोमीटर: निवृत्तीनंतर व्हॅनमध्ये राहण्याचा अनुभव

निवृत्तीनंतर व्हॅनमध्येच राहून दीर्घ प्रवास करायचे आम्ही ठरवले, तेव्हा माझे वय ६३ होते आणि ह्यांचे ६७. त्याला आता १८ महिने झाले. या काळात गाडी १९,००० किलोमीटर चालली आणि तीन वेगवेगळ्या कारणांनी मिळून १९ आठवडे प्रवास पूर्णपणे थांबला. व्हॅनमधील राहणीविषयी पहिल्या महिन्याच्या भरात लिहिलेले पुष्कळ वाचायला मिळते. मला मात्र त्या १९ आठवड्यांविषयी आणि त्यांमुळे गाडीत व आमच्या सवयींत जे बदल करावे लागले त्यांविषयी लिहायचे आहे, कारण गाडीची खरी पारख मला त्या काळातच झाली.

गाडी वापरलेली आहे. मुळात ती सहा मीटर लांबीची मालवाहू व्हॅन होती आणि आधीच्या मालकाने ती राहण्यासाठी बांधून घेतली होती. आत सरळ उभे राहता येते, मागच्या बाजूला आडवा पलंग आहे, त्याखाली सामानाची जागा, मध्ये छोटा ओटा आणि फ्रीज, आणि पुढच्या दोन्ही खुर्च्या मागे फिरवून बसण्याची खोली करता येते. छतावर ३५० वॅटचे सौर पॅनेल, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि १०० लिटर पाण्याची टाकी आहे. कागदोपत्री सामानासह एकूण वजनाची मर्यादा ३,५०० किलो आहे. ही मर्यादा आम्ही सुरुवातीला गांभीर्याने घेतली नाही. निघाल्यानंतर पाचव्या दिवशी वजनकाट्यावर गाडी उभी केली, तेव्हा आकडा ३,६१० निघाला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे ठाऊक असूनही भरलेल्या टाकीचे १०० किलो आमच्या हिशेबात आलेच नव्हते. दोन सायकली, एक तंबू आणि पुस्तकांची पेटी आम्ही परत पाठवली. वजन वाढले की ब्रेक, टायर आणि क्लच या तिघांवरही ताण येतो, आणि पुढे क्लचने जो त्रास दिला त्यात या पहिल्या दिवसांचाही वाटा असावा, असे मला वाटते.

आता मुख्य गोष्ट. १९,००० किलोमीटरपैकी जवळजवळ निम्मे अंतर आम्ही पहिल्या सहा आठवड्यांतच कापले होते. नोकरीची सवय इतकी खोल गेलेली असते की निवृत्त झाल्यावरही माणूस दिवसाचे काम ठरवून घेतो आणि ते पूर्ण झाले नाही तर अस्वस्थ होतो. आमचे काम ३०० ते ३५० किलोमीटरचे होते. ज्या दिवशी मी पडले, त्या दिवशी आम्ही ३८० किलोमीटर आलो होतो, अंधार पडला होता, पावसाची भुरभुर सुरू होती आणि पाय सुजून जड झाले होते. सरकत्या दाराखालची घडीची पायरी ओली होती. पायरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर जेमतेम २० सेंटीमीटर, पण पाय घसरल्यावर मी उजवा हात पुढे टेकला आणि मनगट मोडले.

हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ होणाऱ्या या अस्थिभंगाचे वर्णन अब्राहम कॉलिस या शल्यचिकित्सकाने १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, करून ठेवले आहे. ऋतुनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये तो फार आढळतो. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि त्याच वेळी हाडांची घनता तपासून घ्यायला सांगितली. इतक्या कमी उंचीवरून पडून हाड मोडले, तर हाडच ठिसूळ झाले आहे का हे पाहायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की त्याला अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस) म्हणतात. मी पडले नसते तर ही तपासणी करायचे मला सुचले नसते, आणि पुढचे हाड कदाचित खुब्याचे मोडले असते. प्रवासाला निघण्यापूर्वी आम्ही गाडीचे इंजिन, ब्रेक, पट्टा, सर्व काही तपासून घेतले होते. स्वतःच्या हाडांची तपासणी मात्र कोणत्याही यादीत नव्हती. साठी ओलांडलेल्या ज्या स्त्रिया अशा प्रवासाचा विचार करत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ही तपासणी निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

प्लास्टरचे सहा आठवडे आणि नंतरच्या व्यायामाचे पाच, असे ११ आठवडे आम्ही एका जागी राहिलो. पहिले दोन आठवडे भाड्याच्या खोलीत काढले, कारण एका हाताने पलंगावर चढणे अशक्य होते. हा आडवा पलंग जमिनीपासून ९५ सेंटीमीटर उंच आहे आणि वर कपाट असल्याने त्यावर ताठ बसता येत नाही. गाडी पाहायला गेलो होतो तेव्हा त्याखालची सामानाची प्रशस्त जागा पाहून आम्ही खूश झालो होतो. त्या जागेची किंमत आपल्या गुडघ्यांनी आणि पाठीने रोज चुकवायची असते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. माझे हाडांचे औषध आठवड्यातून एकदा सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचे असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. घरात ही क्षुल्लक बाब आहे. व्हॅनमध्ये त्यासाठी मला पहाटे ह्यांना ओलांडून खाली उतरावे लागते, खुर्ची फिरवावी लागते आणि थंडी असेल तर हीटर लावावा लागतो. आठवड्यातून एकदा का होईना, पण पलंग निवडताना आपण काय विचारायला हवे होते ते मला दर वेळी आठवते.

खोलीतून व्हॅनमध्ये परतण्यापूर्वी आम्ही दाराशी दोन बदल करून घेतले. घडीची पायरी काढून तिच्या जागी खडबडीत पृष्ठभागाची रुंद, वेगळी ठेवायची पायरी घेतली आणि दाराच्या आतल्या बाजूला खांद्यापासून कमरेपर्यंत येणारी उभी मूठ बसवली. मूठ बसवताना नुसत्या पत्र्यात स्क्रू मारून चालत नाही, मागे आधाराची पट्टी द्यावी लागते, अन्यथा शरीराचा पूर्ण भार आल्यावर ती उपटून येते. त्याशिवाय पायरीवर प्रकाश पडेल असा दिवा लावला, जो दार उघडताच आपोआप लागतो. १८ महिन्यांत गाडीवर केलेल्या सर्व खर्चात हा खर्च सर्वांत कमी होता आणि उपयोग सर्वांत अधिक झाला.

त्यानंतर आम्ही अंतर कमी केले. एका दिवशी १०० किलोमीटरच्या आसपास, आणि असा दिवस साधारण चार दिवसांतून एकदा. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, दुपारी तीनपर्यंत थांबायची जागा गाठायची आणि दर दीड तासाने उतरून दहा मिनिटे चालायचे. सलग चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी मनगटाच्या उपचारांच्या वेळी समजावून सांगितले. पायांची सूज या एका बदलाने बरीच कमी झाली. शिवाय आपण जिथे आहोत त्या जागेची ओळख होऊ लागली. पहिल्या सहा आठवड्यांतील ठिकाणांची नावे मला आज नोंदवही उघडल्याखेरीज सांगता येत नाहीत.

दुसरी अडचण थंडीत आली, मात्र तिच्यामुळे प्रवास थांबला नाही. एका रात्री तापमान उणे सहा अंशांपर्यंत उतरले. सकाळी लख्ख ऊन पडले होते, पॅनेलवर सावली नव्हती, तरीही बॅटरीत एक अँपिअरही जात नव्हता. आम्ही वायरी तपासल्या, फ्यूज बदलला, आणि बॅटरी बिघडली असे समजून दिवसभर चिंतेत राहिलो. प्रत्यक्षात बॅटरी आपले काम चोख बजावत होती. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी शून्याखालील तापमानात वीज देऊ शकते, पण तिच्यात वीज भरू लागल्यास ऋण अग्रावर लिथियम धातूचा थर साचतो आणि क्षमता कायमची घटते. म्हणून तिच्या आतील नियंत्रक शून्याखाली भरणच बंद करतो. आधीच्या मालकाने जागा वाचवण्यासाठी बॅटरी गाडीच्या तळाला, बाहेरच्या पेटीत बसवली होती, आणि दोष त्या जागेचा होता. आम्ही ती आत, खुर्चीच्या बैठकीखाली हलवली आणि त्यानंतर ही अडचण पुन्हा आली नाही.

एवढे वगळता बॅटरीविषयी माझे मत अतिशय चांगले आहे. १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तास म्हणजे २,५६० वॅट-तास, आणि त्यांतील बहुतेक सर्व वापरता येतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते, त्यामुळे तेवढ्याच वापरासाठी दुप्पट क्षमतेची आणि कितीतरी जड बॅटरी वाहावी लागली असती. आमचा फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप आणि दोन फोन मिळून दिवसाला ७०० ते ८०० वॅट-तास लागतात. उन्हाळ्यात पॅनेल तेवढे सहज देतात. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, आडव्या बसवलेल्या पॅनेलचे उत्पादन फार घटते, आणि तेव्हा चालत्या इंजिनाच्या अल्टरनेटरवरून वीज घ्यावी लागते. ती थेट जोडणीने न घेता मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा चार्जर बसवणे अत्यावश्यक आहे, कारण लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. या बॅटरीचे रसायन ज्यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ साली पुढे आले, त्या जॉन गुडइनफ यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि २०१९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या बॅटरीवर आमचे घर चालते तिच्यामागे अशा वयातले काम आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

फ्रीजविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण ह्यांना इन्सुलिन घ्यावे लागते. इन्सुलिन टोचायची न उघडलेली पेन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असतात. वापरात असलेले पेन बाहेर ठेवता येते, मात्र किती दिवस आणि किती तापमानापर्यंत हे इन्सुलिनच्या प्रकारावर अवलंबून असते. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज सरासरी तापमान नीट राखतो, पण त्याच्या आत सर्वत्र ते सारखे नसते. थंड पट्टीला चिकटून ठेवलेली दोन पेन एका रात्रीत गोठली. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले, दिसायला पूर्ववत झाले, तरी वापरायचे नसते, त्यामुळे ती टाकून द्यावी लागली. तेव्हापासून इन्सुलिन एका जाड डब्यात, पट्टीपासून दूर ठेवतो आणि त्याच डब्यात किमान व कमाल तापमानाची नोंद ठेवणारा तापमापक असतो. रोज सकाळी तो पाहणे हे माझे पहिले काम आहे. गाडी उताराला तोंड करून उभी राहिली तर काही फ्रीज नीट चालत नाहीत असे ऐकले होते. कॉम्प्रेसरच्या फ्रीजला तसा त्रास झाला नाही.

तिसरी अडचण सर्वांत हळू आली आणि म्हणूनच सर्वांत उशिरा कळली. दहाव्या महिन्याच्या सुमारास कपड्यांच्या कपाटात कुबट वास येऊ लागला. आम्ही तो श्वासाच्या दमटपणाचा समजलो, आणि तसे समजायला आधारही होता. झोपलेली दोन माणसे रात्रभरात अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतात, आणि गॅसवर स्वयंपाक केला की त्यात भर पडते, कारण एक किलो प्रोपेन जळल्यावर सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. थंड पत्र्यावर ते सर्व जमते. त्यामुळे छतावरची खिडकी आणि समोरची काच थोडी उघडी ठेवून हवा खेळती ठेवणे हा उपाय आम्ही आधीपासून करत होतो. वास तरीही गेला नाही. अखेर ओल मोजायचे यंत्र आणून कपाटाखालच्या प्लायवुडला लावले, तेव्हा आकडा २८ टक्के आला. लाकडातील ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ते कुजू लागते. छतावरच्या खिडकीभोवतीच्या सीलंटला केसाएवढी भेग पडली होती, तिथून पाणी आत शिरून उष्णतारोधक थराच्या मागून भिंतीने खाली उतरत होते आणि खिडकीपासून दीड मीटरवर फरशीत साचत होते. जिथे पाणी दिसते तिथे ते शिरलेले नसते, हे घराच्या गळतीबाबत आपल्याला ठाऊक असते. गाडीच्या बाबतीत ते तितकेच खरे आहे.

कपाट काढून फरशीचा एक भाग बदलायला तीन आठवडे गेले. दुरुस्ती करणाऱ्याने पहिल्यांदा फक्त नवा सीलंट जुन्यावर थापून दिला होता. तो महिनाभरही टिकला नाही. जुना थर पूर्ण खरवडून, पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा करूनच नवा भरावा लागतो, आणि दुसऱ्या वेळी मी स्वतः शिडीशी उभी राहून ते करवून घेतले. मला मात्र वर चढायला मनाई होती. आता दर तीन महिन्यांनी आम्ही ओल ठरावीक बारा ठिकाणी मोजून वहीत लिहितो. वापरलेली व्हॅन विकत घेणाऱ्याने हे छोटे यंत्र पाहणीच्या वेळीच सोबत न्यावे. आम्ही नेले असते तर ही गाडी घेतली असती की नाही, हे सांगणे कठीण आहे, पण किमतीविषयीचे बोलणे नक्कीच वेगळे झाले असते.

क्लच चौदाव्या महिन्यात गेला. डोंगराळ रस्त्यावर चढावर गाडी उभी राहिली, इंजिन गरगरत होते आणि चाकांपर्यंत जोर पोहोचत नव्हता. ज्या गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली तिथे आधी केवळ क्लच-प्लेट बदलली गेली, आणि ती ज्यावर टेकते ते इंजिनाचे जड चाक, फ्लायव्हील, हेही झिजले असल्याचे नंतर उघड झाले. त्यामुळे तेच काम दोनदा करावे लागले आणि पाच आठवडे मोडले. मनगट मोडले तेव्हा निदान घर आपल्यापाशी होते, या वेळी घरच दुरुस्तीला गेले होते. औषधे, वैद्यकीय कागदपत्रे, चष्मे आणि दोन दिवसांचे कपडे घाईघाईने तीन पिशव्यांत कोंबून आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, आणि ह्यांच्या इन्सुलिनच्या सुया आतच राहिल्या. त्या रात्री मी इतकी खचले होते की प्रवास इथेच संपवावा, असे मीच प्रथम म्हणाले. ह्यांनी त्यावर वाद घातला नाही. गाडी दुरुस्त होऊन हाती येईपर्यंत काहीच ठरवायचे नाही, एवढेच ते म्हणाले, आणि आज मागे पाहता तो निर्णय योग्य होता. आता दाराजवळच्या कप्प्यात एक पिशवी कायम भरलेली असते. तिच्यात सात दिवसांची औषधे, सुया, थंड राहणारी छोटी थैली, अहवालांच्या प्रती आणि संपर्क क्रमांकांचा कागद असतो. दुरुस्तीसाठी वेगळा निधीही ठेवला आहे. या १८ महिन्यांतील दुरुस्त्यांचा एकूण खर्च गाडीच्या खरेदीच्या किमतीच्या जवळपास एक-पंचमांश झाला, तेव्हा त्याहून कमी निधी ठेवून कोणी निघू नये.

काही गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्यांनी त्रास दिला नाही. डिझेलवर चालणारा हीटर विश्वासू आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, म्हणून झोपण्याच्या जागेजवळ त्याचा इशारा देणारे यंत्र लावले आहे आणि त्याची बॅटरी दर महिन्याला तपासतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर खाली साचतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला असलेले भोक सामानाने बुजू देऊ नये. टायरची जाडी पाहून समाधान मानू नये, त्याच्या कडेवर चार अंक असतात. ‘२३१७’ असे असेल तर तो २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आमच्या चार चाकांचे टायर चांगले होते, पण सुटा टायर अकरा वर्षांचा निघाला. फिरत्या खुर्च्या उत्तम आहेत. एवढ्या लहान जागेत दोघांनी दिवसातून दोन तास एकमेकांशी न बोलता, आपापल्या दिशेला तोंड करून बसायचे, हा नियम आम्हाला या खुर्च्यांमुळेच पाळता आला.

गाडी सध्या एका सुताराच्या शेडमध्ये उभी आहे. आडवा पलंग काढून त्या जागी ४८ सेंटीमीटर उंचीचे, मधून चालायला वाट ठेवणारे दोन लांब पलंग बसवले जात आहेत, आणि वरचे कपाट उतरवले आहे, म्हणजे त्या दोन्हींवर ताठ बसता येईल. सामानाची निम्मी जागा जाईल. काल मी मापे घ्यायला गेले तेव्हा नुसत्या चौकटीवर बसून पाहिले. पाय जमिनीला पूर्ण टेकले, डोक्यावर वीतभर जागा उरली आणि उजव्या हाताचा आधार न घेता उठता आले. हाडांची पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे, आणि तिचा अहवाल हाती आल्यावर आम्ही निघणार आहोत.